आधी खड्डा, मग पेटी

[दृश्य: अंगणात चाललेलं ड्रिल, उडणारी लाल धूळ]

कोकणातला जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसाळाभर कोसळलं तरी मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत. अशा जमिनीत चांगलं अर्थिंग, म्हणजे गळतीच्या विजेला जमिनीत जायची वाट, मिळवायला कष्ट पडतात. या घरात नवी साउंड सिस्टिम येते आहे आणि तिच्यासाठी पहिला खर्च होतोय तो या खड्ड्यावर.

जुन्या पद्धतीत 40 मिलिमीटरचा, अडीच-तीन मीटर लांबीचा भोकं पाडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा करतात आणि भोवती कोळसा-मिठाचे थर देतात. मिठाने विजेला वाट मिळते खरी, पण तेच मीठ पाइप खातं. पावसाच्या पाण्याबरोबर मीठ वाहून जातं, पाइप गंजतो, वरून काही कळत नाही. म्हणून इथे तांब्याचा मुलामा दिलेली तीन मीटरची सळई आहे, आणि भोवती बेंटोनाइट.

[दृश्य: पिंपात कालवलेला राखाडी लगदा, खड्ड्यात ओतताना]

बेंटोनाइट म्हणजे पाणी पिऊन फुगणारी माती. पावडर कोरडीच ओतली तर गुठळ्या होतात, आत पोकळ्या राहतात आणि सळईला माती भिडतच नाही. म्हणून आधी पिंपात भिजवून दाटसर लगदा करायचा, सळई मधोमध धरायची आणि हळूहळू ओतायचं. वर झाकणाची चौकट ठेवायची, म्हणजे जोड उघडून बघता येतो आणि उन्हाळ्यात पाणीही घालता येतं.

[दृश्य: जुना जोड, जवळून]

हा जुन्या अर्थिंगचा जोड. नट हाताने फिरतोय. लगवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवा गंज चढलाय. तार दिसायला अखंड, पण या दोन बोटांच्या जागेत सगळं घर जमिनीपासून तुटलेलं.

[दृश्य: अंगणात ताणलेली टेप, दोन खुंट्या, अर्थ टेस्टर]

अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजताना मेन बंद असते आणि घराकडे जाणारी अर्थची तार सळईपासून सोडवलेली असते. सळईपासून सरळ रेषेत 30 मीटरवर एक खुंटी, आणि त्याच रेषेत त्या अंतराच्या 62 टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास दुसरी. मधली खुंटी थोडी पुढे-मागे करून वाचन बदलत नाही ना, ते बघायचं. घरासाठी पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. मोजायचं मात्र उन्हाळ्यात. ओल्या जमिनीतलं वाचन मनाला समाधान देतं, एवढंच.

आता घरात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा 100-150वर अडकला, तर सॉकेटमधलं तिसरं भोक नुसतं नावाला आहे. अशा वेळी काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. आकडा सुधारतो, पण न्यूट्रल कुठे सुटली की ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीवर थेट फेज येते. हे कधीही करू देऊ नका.

[दृश्य: पॉवर कंडिशनर उघडलेला, आतले कपॅसिटर]

पॉवर कंडिशनर, म्हणजे यंत्रांना जाणारी वीज गाळून देणारी दुकानातली पेटी, आतून अशी दिसते. फेज आणि न्यूट्रलमधून अर्थकडे गेलेले हे छोटे कपॅसिटर लाइनवरचा कचरा जमिनीत सोडतात. जमीनच नसेल तर त्यांचा मधला बिंदू अधांतरी राहतो, आणि पेटीवर, तसंच तिला जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या धातूवर, 115 व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. करंट अगदी थोडा, पण बोटाला मुंग्या येतात. म्हणून अर्थिंग नसलेल्या घरात कंडिशनर घेऊन दुखणं वाढतं. खनिजं भरलेल्या, जमिनीशी कुठेच न जोडलेल्या ‘ग्राउंडिंग बॉक्स’वर तर एक रुपयाही घालवू नये.

स्पीकरमधली घूं वेगळ्या कारणाने येते. ॲम्प्लिफायर भिंतीतून अर्थ झालेला, सेट-टॉप बॉक्सच्या केबलची जाळी बाहेर खांबावर अर्थ झालेली. दोन ठिकाणच्या जमिनीत थोडासा फरक असतो, आणि तो सिग्नलच्या वायरीतून वाहतो. केबल काढा, घूं थांबली तर चोर सापडला. केबल टीव्हीला कोएक्स आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन जमिनीचा जोड तोडणारा तुकडा, चालतो. डिशला चालत नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, याच वायरीतून वीज जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो. तिथे सेट-टॉप बॉक्स ते ॲम्प्लिफायर ऑप्टिकल केबल वापरा. सगळी यंत्रं एकाच दमदार बोर्डवर ठेवा, आणि त्या बोर्डला डीबीपासून (घराच्या एमसीबींच्या पेटीपासून) अडीच स्क्वेअर मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, अर्थच्या तारेसकट. ऑडिओसाठी वेगळा खड्डा घेऊन तो घराच्या अर्थिंगला न जोडणं धोक्याचं. दोन्ही जोडलेच पाहिजेत.

घूं स्पीकरमधून न येता ॲम्प्लिफायरच्या पेटीतूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरचा आवाज. अर्थिंगने तो जाणार नाही. इन्व्हर्टरवर असताना वाढत असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या.

[दृश्य: कापलेली अर्थ पिन, जवळून]

घूं घालवायला कोणीतरी ही पिन कापली आहे. ती मुद्दाम लांब असते, सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ती नसताना आत फेज यंत्राच्या पेटीला टेकली तर आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, गप्प राहतो, माणसाचा हात लागेपर्यंत.

स्पाइक गार्डमधला एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेजचे झटके गिळणारा भाग, प्रत्येक झटक्याने थोडा झिजतो. संरक्षणाचा दिवा विझला की गार्ड बदलायचा, सॉकेटमध्ये वीज येत असली तरी. खांबावरची न्यूट्रल तुटली तर 400च्या जवळपास व्होल्ट घरात येऊ शकतात, तिथे एमओव्ही जळतो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ वेगळा बसवा. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग भिंतीतून काढा, सोबत छत्रीची किंवा केबलची वायरही.