गुऱ्हाळावरचा तास

(दृश्य : पहाट. चुलवाणातला जाळ, काहिलीवरची (रस आटवायच्या मोठ्या कढईवरची) वाफ.)

निपाणी भागात दिवाळी सरली की गुऱ्हाळं पेटतात. नववीचा रसायनशास्त्राचा तास आज इथंच आहे. यातली बरीच पोरं ऊस, चिपाडं नि चुलवाण बघतच वाढली. बाईंनी त्यांना एवढंच विचारलंय, "रसात चुना का घालतात रे?"

उसाचा रस मुळात थोडा आम्लधर्मी. तसाच आटवला तर आम्ल आणि उष्णता मिळून सुक्रोज फोडतात. त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग गूळ नीट कण धरत नाही, पावसाळ्यात पाझरतो. म्हणून गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, चुन्याची निवळी घालतो, आम्ल मारतो. भेंडीच्या बुळबुळीत पाण्यात गाळ अडकतो, मळी होऊन वर येतो. चुना जास्त पडला तर मात्र गूळ काळवंडतो आणि भाव उतरतो. आम्ल असं मारणं म्हणजेच उदासिनीकरण. ते शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

(दृश्य : पोरांच्या हातात पिवळ्या पट्ट्या.)

पण चुना जास्त झाला हे कळायचं कसं? पोरांनी कागदाला हळद फासून, वाळवून पट्ट्या आणल्यात. नव्या नवरीला ओवाळायचं लाल पाणी त्यांनी पाहिलंय. कन्नड शेजारी त्याला ओकुळी म्हणतात. तेही हळद आणि चुन्याचंच. हळदीतला पिवळा रंग, कुरकुमिन, अल्कलीत म्हणजे आम्ल मारणाऱ्या पदार्थात लाल होतो, आजीच्या चंचीतल्या चुन्यानंसुद्धा.

काहिलीतल्या रसाचा थेंब पट्टीवर पडला. पट्टी पिवळीच. वाटीभर रसात बाईंनी मुद्दाम चुना वाढवला. आता पट्टी लाल!

(दृश्य : पाक घट्ट होतोय, बुडबुडे मोठे.)

निपाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळं इथं पाणी 100 अंशांच्या जरा अलीकडेच उकळतं. पाक मात्र 118 च्या आसपास जातो. पाणी उडून साखर दाटते, तसा उत्कलनबिंदू चढतो. गुळव्या थर्मामीटर वापरत नाही. थंड पाण्यात थेंब टाकतो, बोटांत गोळी वळतो, मग हाक देतो, "उतरा!" पोरं थर्मामीटरकडं बघतात, मग त्याच्या बोटांकडं.

पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, ओतून झाल्यावर गुळव्यानं दोन पट्ट्या मागून घेतल्या आणि टोपीच्या घडीत खोचल्या.