४५७ किलोहर्ट्झ
(माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : पुण्यातील घर. टेबलावर मांडलेली उपकरणे वरून दिसतात.)

कोथरूडमधल्या या टेबलावर जे मांडलेले दिसते आहे, ते एकाच व्यक्तीचे गुलमर्गला न्यायचे सामान आहे. स्मार्टफोन, पॉवर बँक, उंची आणि हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ, हेल्मेटवर बसणारा ॲक्शन कॅमेरा आणि त्याच्या सुट्या बॅटऱ्या, हेल्मेटच्या कानपट्टीत बसणारे ब्लूटूथ स्पीकर, बॅटरीवर तापणारे हातमोजे आणि या सगळ्यांच्या वायरी. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, छातीवर बांधायच्या पट्ट्यांसह ठेवलेले, हाताच्या पंजात मावेल एवढे आणखी एक यंत्र आहे. बाकीच्या सामानाच्या मानाने ते साधे दिसते, त्याचा पडदा लहान आहे आणि त्यावर चित्रे उमटत नाहीत. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधणारे हे यंत्र आहे, आणि हा माहितीपट मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

हे सामान मांडणाऱ्या अभियंता विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर लिहितात. नवे उपकरण आले की ते घ्यायचे, शक्य असेल तर उघडून पाहायचे आणि त्याची बॅटरी कोणत्या परिस्थितीत किती चालते याची नोंद वहीत करायची, ही त्यांची महाविद्यालयापासूनची सवय आहे. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेत त्यांनी प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि तेव्हापासून त्यांची हिवाळ्यातील रजा बर्फासाठीच राखलेली असते.

(दृश्य : गोंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या, केबिनमध्ये फोन अचानक बंद पडतो.)

थंडीत असा फोन बंद पडला की बॅटरी संपली असे वाटते, पण साठवलेली वीज आतच असते. लिथियम-आयन बॅटरीतील ज्या द्रवातून आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जातात, तो द्रव गारठ्यात दाट होतो आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी कॅमेरा सुरू करताच फोन एकदम जास्त प्रवाह मागतो, व्होल्टेज झटकन खाली येते, आणि स्वतःला वाचवण्यासाठी फोन बंद होतो. तोच फोन अंगाजवळ ऊब मिळाली की पुन्हा सुरू होतो. याहून गंभीर बाब चार्जिंगची आहे. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी धातूच्या रूपाने त्याच्या पृष्ठभागावर साचू लागते, आणि हे नुकसान नंतर कितीही ऊब दिली तरी पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणूनच संध्याकाळी बुखारीने, म्हणजे काश्मिरी शेगडीने, तापलेल्या खोलीत आल्यावरही या अभियंता लगेच वायर जोडत नाहीत. आधी पॉवर बँक आणि फोन खोलीच्या तापमानाला येऊ देतात.

(दृश्य : गोंडोलाचा दुसरा टप्पा. खाली झाडांची रांग संपते आणि उघडा उतार सुरू होतो.)

गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. फ्रान्सच्या पोमा कंपनीने उभारलेल्या गोंडोलाचा कोंगदूरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. महाराष्ट्रातून येणारी बहुतेक मंडळी भाड्याचे गमबूट आणि ओव्हरकोट घालून, स्लेजवर बसून आणि छायाचित्रे काढून परततात. दुसऱ्या टप्प्यावरून स्की लावून खाली उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. गोंडोलाच्या तारेखालच्या मुख्य उतारावर गस्ती पथकाचे लक्ष असते. त्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकले की पुढे मोकळा डोंगर आहे.

येथील बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांमुळे, पडतो आणि हिवाळाभर थरांवर थर चढत जातात. दोन वादळांमधल्या स्वच्छ, कडाक्याच्या रात्रींत आतील एखाद्या थराचे कण मोठे आणि सुटे होतात, त्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाचा घट्ट पापुद्रा बसतो, आणि एका माणसाचे वजनही तो पापुद्रा मोडायला पुरते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हे सर्वाधिक घडते, आणि स्की करणाऱ्यांना तर नेमके तेच उतार आवडतात. हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी दहातील सुमारे नऊ प्रकरणांत ते स्खलन त्या व्यक्तीने किंवा तिच्याच सोबत्यांनी सुरू केलेले असते.

(दृश्य : यंत्राचा जवळून घेतलेला शॉट. लाल दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो.)

या यंत्राला येथे सगळे बीकन म्हणतात. अंगावर बांधून सुरू केले की ते साधारण दर सेकंदाला एक स्पंद पाठवत राहते. सोबती गाडला गेला की उरलेल्यांनी आपापली यंत्रे शोधाच्या स्थितीत आणायची आणि तो स्पंद पकडायचा. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत जॉन लॉटन यांनी १९६८ मध्ये असे पहिले उपयोगी यंत्र तयार केले. ते २.२७५ किलोहर्ट्झवर चाले आणि कानाला लावलेल्या इअरफोनमधला आवाज मोठा होत जाईल त्या दिशेने शोधत जावे लागे. पुढे युरोपात ४५७ किलोहर्ट्झची यंत्रे आली, काही वर्षे दोन वारंवारता शेजारी शेजारी नांदल्या, आणि एका प्रकारचे यंत्र दुसऱ्याला ऐकू शकत नसल्याने अखेर जगभर ४५७ किलोहर्ट्झ हेच प्रमाण मानले गेले. १९९७ मध्ये दोन अँटेना आणि प्रोसेसर असलेले पहिले डिजिटल यंत्र बाजारात आले, ज्याने आवाजाच्या जोडीला बाण आणि अंतराचा आकडा दाखवला. त्यानंतरच्या तीन अँटेनांच्या यंत्रांनी खोल गाडलेल्या माणसाच्या बाबतीत होणारी फसगत दूर केली. आज तीन अँटेनांपेक्षा कमी असलेले यंत्र कोणी घेऊ नये.

इतकी कमी वारंवारता का, याचे उत्तर या अभियंता अतिशय आवडीने देतात. ४५७ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६५६ मीटर भरते. म्हणजे बीकनच्या पन्नास मीटरच्या परिसरात आपल्याला रेडिओलहर नव्हे, तर तांब्याच्या वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र जाणवत असते. हे क्षेत्र बर्फातून, पाण्यातून आणि माणसाच्या शरीरातून जवळजवळ न अडखळता पार होते. ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर मात्र ओल्या बर्फात आणि शरीरात शोषली जाते, म्हणून फोनवरचे कोणतेही ॲप बीकनची जागा घेऊ शकत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे, आणि मदत बाहेरून येईपर्यंतचा वेळ तसाही हातात नसतो. गाडलेल्या माणसाला बाहेर काढायचे ते सोबत असलेल्यांनीच.

(दृश्य : कोंगदूरीजवळचा सपाट भाग. बीकनच्या पडद्यावरील आकडे उड्या मारतात.)

हे दृश्य नीट पाहावे. बर्फात दुसरे बीकन पुरलेले आहे आणि शोधणारे यंत्र त्याचे अंतर २२ दाखवते आहे. आता अभियंता तापणारा हातमोजा सुरू करून यंत्राजवळ आणतात. आकडा ३१ होतो, मग १८, बाण डावीकडे वळतो, पुन्हा उजवीकडे येतो. हातमोजा बंद केल्यावर २२ परत येतो. त्यानंतर ॲक्शन कॅमेरा, मग घड्याळ, मग फोन, असे एकेक उपकरण जवळ आणून त्या प्रत्येकाचा परिणाम वहीत लिहितात. बॅटरीचे व्होल्टेज बदलणारी लहान परिपथे सतत चालू-बंद होत असतात आणि त्यांचा गोंगाट नेमका बीकनच्या कानावर पडतो. फोनच्या पाठीवरचे आणि खिशांच्या झाकणांतले लोहचुंबकही त्याला त्रास देतात. त्यामुळे साधा नियम असा की बीकन स्पंद पाठवत असताना इतर कोणतेही विद्युत उपकरण त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेत असताना किमान ५० सेंटिमीटर दूर असले पाहिजे.

येथे दोन गरजांची ओढाताण होते. फोनला ऊब हवी, आणि सर्वांत उबदार जागा छातीवरच्या आतल्या खिशाची. पण तेथेच बीकन बांधलेले असते. अभियंतांनी फोन विजारीच्या मांडीवरच्या आतल्या खिशात हलवला आहे आणि उतरताना तो पूर्ण बंद असतो. तापणारे हातमोजे त्या आता आणत नाहीत. लोकरीचे आतले हातमोजे आणि वर जाड कातडी मिटन (चारही बोटे एकत्र राहणारे हातमोजे) पुरतात. हेल्मेटमधले स्पीकर पुण्यातच राहतात. उपकरणांवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाने एकेक उपकरण असे बाजूला ठेवावे, ही गोष्ट आम्हाला या चित्रणात सर्वांत मोलाची वाटली.

बीकनमध्ये त्या रिमोटमध्ये घालतो तेच साधे ट्रिपल-ए अल्कलाईन सेल घालतात. ज्या यंत्राचा निर्माता अल्कलाईन सांगतो, त्यात दुसरे घालू नयेत, यामागे ठोस कारण आहे. अल्कलाईन सेलचे व्होल्टेज हळूहळू उतरते आणि त्यावरून यंत्र उरलेली टक्केवारी काढते. चार्ज होणाऱ्या किंवा लिथियम सेलचे व्होल्टेज बराच काळ सपाट राहून अखेरीस एकदम कोसळते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा खोटा ठरतो.

(दृश्य : सराव. उतारावरून तिघे जण खाली येतात.)

शोध ओरडण्यापासून सुरू होतो. गाडला गेलेला माणूस शेवटचा कोठे दिसला ती जागा कोणीतरी नजरेने धरून ठेवतो, वरून पुन्हा बर्फ सुटण्याचा धोका नाही ना हे पाहिले जाते, आणि सर्वजण बीकन शोधाच्या स्थितीत आणतात. एकाचेही यंत्र पाठवण्याच्या स्थितीत राहिले तर उरलेले त्याच्याच मागे धावतात, म्हणून वाटाड्या प्रत्येकाच्या पडद्यावर डोळे फिरवतो. मग पन्नास मीटरपेक्षा अधिक रुंदीचा पट्टा न सोडता उतार पिंजून काढायचा. पहिला स्पंद मिळाला की बाणाच्या मागे जायचे. हा बाण सरळ रेषेत नेत नाही, कारण चुंबकीय क्षेत्राच्या रेषा वक्र असतात. पडद्यावरील आकडाही त्या वक्र वाटेचा असतो, आणि तो कमी होत आहे एवढेच तूर्त पाहायचे.

दहा मीटरच्या आत चाल मंदावते. तीन मीटरच्या आत शोधणारा गुडघ्यांवर येतो, यंत्र बर्फाला टेकवतो, आणि ते न वळवता आधी पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे सरकवतो. पडद्यावर १.४, १.१, ०.९, पुन्हा १.२. जेथे ०.९ दिसले तेथे हातमोजा ठेवला जातो. येथे घाई केली तर पुढची सर्व मेहनत चुकीच्या जागी होते, म्हणून वाटाड्या प्रशिक्षणार्थीचा हात धरून यंत्र पुन्हा मागे नेतो.

आता घडीची सळई, म्हणजे प्रोब, झटक्यात उघडून बर्फाच्या पृष्ठभागाशी काटकोनात खुपसायची आणि मध्यापासून बाहेर, सर्पिलाकार, पंचवीस सेंटिमीटरच्या अंतराने टोचत जायचे. जमीन लागली तर हाताला कठीण जाणवते. माणूस लागला तर सळई किंचित दबून उसळते. ती तेथून काढायची नाही. फावडे मारायचे ते सळईपासून उताराच्या खालच्या बाजूने, माणूस जितका खोल असेल त्याच्या दीडपट अंतरावरून, आत शिरत. वाहताना पिठासारखा असलेला हा बर्फ थांबताच असा आवळतो की हाताने उकरता येत नाही, आणि एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर बर्फ हलवावा लागतो. एकूण वेळेतील सर्वांत मोठा वाटा फावड्याचा असतो, म्हणून ते प्लॅस्टिकचे नव्हे, धातूचेच हवे.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर तिघेच. या उतारांनी फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराचे १७ जवान, फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीपटू नेला.

(दृश्य : वेताळ टेकडी, सकाळ. सुकलेल्या गवतात माणसे यंत्रे घेऊन चालताना दिसतात.)

नोव्हेंबरमधली ही पुण्याची वेताळ टेकडी आहे. बर्फाचा येथे काही संबंध नाही, पण चुंबकीय क्षेत्राला मुरूम आणि बर्फ सारखेच. गोणपाटात गुंडाळलेले बीकन झुडपामागे लपवले जाते आणि गुलमर्गला जाणारी मंडळी ते आळीपाळीने शोधतात. सळई टोचण्याचा सराव पेंढ्याने भरलेल्या पोत्यांवर होतो, कारण माणसाची उसळी आणि दगडाची ठोकर हाताला वेगवेगळी कळली पाहिजे. फावड्याचा सराव मात्र गुलमर्गलाच करावा लागतो. फिरायला आलेले काका थांबून चौकशी करतात, आणि त्यांनाही एक यंत्र हातात देऊन बाणामागे चालायला लावले जाते.

बीकन, प्रोब आणि फावडे गुलमर्गच्या दुकानांत भाड्याने मिळतात, आणि तसे घेण्यात काहीही कमी नाही. मात्र ते आदल्या संध्याकाळी घ्यावे, सेल स्वतःचे नवे घालावेत, अँटेना किती आहेत ते विचारावे, आणि हॉटेलच्या अंगणात सोबत्याचे बीकन पुरून एकदा शोधून पाहावे. सकाळी गोंडोलाच्या रांगेत उभे राहून पट्ट्या आवळणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. ज्याने सराव केलेला नाही, त्याने दुसऱ्या टप्प्यावरून तारेखालचा उतार सोडू नये, आणि कोणत्याही गटाने त्याला सोबत नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे बीकन चालू असले तरी बाकीच्यांना शोधण्याची वेळ आली तर तो उपयोगी पडणार नाही.

टेकडीवरचे हे सराव डिसेंबरअखेरपर्यंत रविवारी सकाळी होतात. ज्यांच्याकडे बीकन नाही त्यांच्यासाठी अभियंतांची जुनी यंत्रे तेथे असतात. ट्रिपल-ए अल्कलाईन सेल तेवढे प्रत्येकाने आपले आणायचे.