आधी ती ताडपत्री काढा! परसातल्या पाच कोंबड्यांचं खुराडं

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओत माझ्या मागून कोंबड्या काय फिरल्या, कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच धोशा, "ताई, खुराडं दाखवा, मापं सांगा." विचारणारे बरेचसे मुंबई सोडून गावी परत आलेले. आणि पाऊस तोंडावर आलाय, म्हटलं आज हेच करू.

मापं पटापट सांगते. पाच गावठी कोंबड्या, दिवसभर परसात फिरणाऱ्या, तर रात्रीपुरती आत चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. कोंडूनच ठेवणार असाल तर एवढ्यात भागणार नाही, मग बाजूला जाळीचं अंगण करावंच लागेल. खुराडं जमिनीपासून दोन फूट वर, चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे रचून. झोपायला आडवी दांडी, एकीला आठ-नऊ इंच. अंड्यांची पेटी फूटभर लांब-रुंद, एक पुरे. दोन केल्यात तरी सगळ्या एकीतच घुसणार, दुसरी रिकामी. पेटी दांडीपेक्षा खालच्या उंचीवर ठेवा, नाहीतर रात्री पेटीतच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी भोकांची. ती षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला नाही अडवत. कुत्रा ओरबाडून काढतो, मुंगूस वाट शोधतं. झालं.

आता ताडपत्री.

तुम्ही मला फोटो पाठवता ना, त्यात खुराडं दिसतच नाही. निळी ताडपत्री दिसते. चारी बाजूंनी, खालपर्यंत, वर सुतळीने करकचून बांधलेली. का? तर "पावसात थंडी वाजेल." अहो, कोंबडीच्या अंगात ४१-४२ अंश सेल्सिअस असतं! वर पिसांचं पांघरूण. आपल्या कोकण किनाऱ्यावर जुलैत तिला कसली आलीये थंडी? तिला थंडी नाही बाधत, ओल बाधते.

आणि ही ओल येते कुठून? तुम्ही म्हणाल, पावसाची. थोडी पावसाची, बाकी तिची स्वतःची. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. पाच जणींचं झालं लिटरभराच्या वर. त्यातलं बरंचसं विष्ठेतून आणि श्वासातून परत बाहेर येतं. ताडपत्रीने बाहेरचा पाऊस अडला, पण आतला पाऊस आतच कोंडला की! खाली अंथरलेला भाताचा तूस भिजतो, त्यातून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, घशात घरघर सुरू होते. ओल्या तुसातच रक्ती हगवण वाढते, पिल्लं पटापट जातात. मग मला मेसेज, "ताई, औषध सांगा." औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळेल. ताडपत्री कोण काढणार?

बरं, उन्हाळ्यात तरी काढता? नाही. मे महिन्यात तीच ताडपत्री तशीच. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासाची वाफ सोडून अंग थंड करते. आतली हवा आधीच दमट, हलत नाही, तर वाफ जाणार कुठे?

आमच्या आजेसासूबाई रात्री पडवीत कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या. बांबूचं डालगं, वर एक दगड. त्याला चहूबाजूंनी वारा, आणि वर पडवीचं छप्पर. बस, एवढंच करायचंय आपल्याला. वर कोरडं, बाजूला मोकळं.

एका काकांनी लिहिलंय, "वाऱ्याने कोंबड्यांना सर्दी होते, तुम्ही लोकांना फसवताय." काका, फसवत नाहीये, पण तुमचं अर्धं बरोबर आहे. झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट झोत नको. म्हणून मोकळी जागा तिच्या डोक्याच्या वर ठेवायची. नीट ऐका, इथेच सगळे चुकतात. छपराच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची नुसती जाळी, समोरासमोर. गरम दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खाली दांडीपाशी फळ्या. खिडकी दांडीच्या समोर नको, वर हवी!

पावसाळ्यात झड येते समुद्राकडून, म्हणून पश्चिमेची भिंत भरीव ठेवा, ती वरची जाळी उत्तर-दक्षिणेला आणि दार पूर्वेला. पण ऑक्टोबरातला गडगडाटी पाऊस घाटाकडून उतरतो, तो पूर्वेच्या दारातच शिरतो. त्यासाठी छप्पर चारी बाजूंनी दोन-दोन फूट पुढे काढा आणि दाराला गुंडाळता येईल असं गोणपाट लावा. गोणपाट, ताडपत्री नाही! पाऊस थांबला की वर गुंडाळायचं.

छप्पर पुढे काढलं की वाऱ्याला ते उचलायला बरं. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले पत्रे पोफळीच्या बागेत जाऊन पडले होते. तर छप्पर वाशांना तारेने बांधा, नुसत्या खिळ्यांवर विसंबू नका. खाऱ्या हवेत खिळे गंजतात. जाळीसुद्धा गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलीच घ्या.

हवा पुरते की नाही, कसं कळणार? पहाटे दार उघडायच्या आधी खाली वाका, नाक कोंबडीच्या उंचीला न्या. डोळ्यांत पाणी आलं तर वरची जाळी अजून मोठी करा. उभ्याने वास घेऊन "काही नाही येत" म्हणू नका, तुमचं नाक पाच फुटांवर आहे.

हो, आणि रोजचा प्रश्न, कोंबडा लागतो का? अंड्यांसाठी नाही लागत. पिल्लं हवी असतील तर लागतो. खुडूक बसलेल्या कोंबडीला २१ दिवस कुठे बसवायचं, ते पुढच्या व्हिडिओत. तोवर फोटो पाठवा, पण ताडपत्री दिसली तर मी उत्तर देणार नाहीये.