दिवे लागल्यावरही बसून राहिलेला प्रेक्षक

मित्रहो, या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘सुपरहिरोंचा कंटाळा’ हा विषय छापून आल्यावर दादरच्याच माझ्या एका समवयस्क स्नेह्यांनी फोन करून विचारले, की ज्यांच्याबद्दल आम्हाला मुळात उत्साहच नव्हता, त्यांच्या कंटाळ्यावर आम्ही तासभर काय ऐकायचे? शंका रास्त आहे. पण मुखवटा चढवून अन्यायाचा समाचार घेणारी व्यक्ती मुंबईला परकी नाही. अमेरिकेत सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो १९३८ साली; त्याच्या तीन वर्षे आधी याच शहरातल्या वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ हा चित्रपट काढला होता आणि त्यातल्या नायिकेचा, नादियाचा, चाबूक गाजत होता. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेधारी वेताळ तर इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी गणिताच्या पुस्तकात लपवून वाचला असेल. तेव्हा हा विषय शेजाऱ्याच्या घरातला आहे, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

एप्रिल २०१९ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ लागला, तेव्हा मुंबईतल्या काही चित्रपटगृहांनी मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचेही खेळ लावले होते. माझ्या सोळा वर्षांच्या भाचीच्या हट्टापायी मी अशाच एका पहाटेच्या खेळाला गेलो. २००८ साली ज्या आयर्न मॅनपासून मार्व्हल या अमेरिकी कंपनीच्या सुपरहिरोपटांची ही साखळी सुरू झाली, तो या बाविसाव्या चित्रपटात मरतो. भाची रडली, तिच्या पलीकडचा दाढीवाला तरुणही रडला. मला मात्र लक्षात राहिले ते दिवे लागल्यानंतरचे दृश्य. सफाई कामगार झाडू घेऊन भिंतीलगत उभे होते आणि एकही माणूस खुर्चीवरून उठत नव्हता. कारण श्रेयनामावली संपल्यावर पुढच्या चित्रपटाची चुणूक दाखवणारा छोटा प्रसंग असतो, ही सवय या चित्रपटांनीच लावलेली होती. त्या दिवशी तसा प्रसंग आलाच नाही. लोखंडावर हातोडा पडल्याचे काही आवाज तेवढे ऐकू आले आणि पडदा काळा झाला. मग लोक उठले, फारसे न बोलता जिना उतरले. गोष्ट संपली होती. जगभरात त्या चित्रपटाने सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले, यात मला आश्चर्य वाटत नाही. अकरा वर्षे पाळलेल्या व्रताचे ते उद्यापन होते.

उद्यापन झाल्यावर व्रत पुन्हा दुप्पट वेगाने सुरू करावे, तसे पुढे झाले. जानेवारी २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या दोन वर्षांहून कमी काळात मार्व्हलने सात चित्रपट आणि त्यांच्या जोडीला आठ मालिका आणल्या. २०२३ च्या दिवाळीत ‘द मार्व्हल्स’ लागला, तेव्हा भाची कॉलेजात शिकत होती आणि सभागृहात आम्ही दहा-बारा जण होतो. तीन नायिकांपैकी एक आधीच्या चित्रपटातली, उरलेल्या दोघींना शक्ती कशी मिळाली ते दोन वेगवेगळ्या मालिकांत सांगितलेले. भाची अर्धा वेळ माझ्या कानात ही वंशावळ सांगत होती, मध्येच थांबून म्हणाली, “मामा, दुसरी सिरीज मीपण अर्धवटच सोडलीय.” २०१९ मध्ये यातल्या मुख्य नायिकेच्या पहिल्या चित्रपटाने ११० कोटी डॉलरच्या वर मजल मारली होती, हा २१ कोटींच्याही आत थांबला. मालिकांच्या भडिमाराने लक्ष विखुरले, हे मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही त्याच वर्षी कबूल केले होते.

‘तेच तेच पाहून लोक विटले’ हे याचे सोपे उत्तर झाले, आणि मराठी माणसाला ते चटकन पटते, कारण तमाशापटांचा अतिरेक आपण भोगला आहे. पण ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्यात १३१ आठवडे चालला, त्यानंतरही फेटेवाले पाटील आणि बोर्डावरच्या नर्तकी यांना आपण कित्येक वर्षे सांभाळून घेतले. इथे मात्र चार वर्षांत सभागृह रिकामे झाले. शिवाय तेच तेच ऐकण्याची आपली ताकद दांडगी आहे. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा सीतास्वयंवर लावतात, तेव्हा धनुष्य कोण उचलणार हे सतरंजीवर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते, तरी मंडळी हलत नाहीत. कारण आख्यान त्याच रात्री पुरे होते. बुवा मूळ अभंगावर येतात, आरती होते, बुक्का लागतो आणि माणूस घरी जातो. काल आला नव्हतात तर आजचे कळणार नाही, असे कोणी बुवा सांगत नाहीत.

न संपण्याची ही खोड सिनेमाची नव्हे, ती कॉमिक्सच्या धंद्यातून आली आहे. दरमहा अंक विकायचा तर नायकाला कायमचे मारता येत नाही. १९९२ साली सुपरमॅनला मारले, अंकावर उड्या पडल्या आणि पुढच्याच वर्षी तो परतला. स्वस्तातल्या अंकात वाचक हे हसून चालवून घेतो; पण तीन तास बसून, पॉपकॉर्नसह दोन हजार रुपये मोजून रडलेल्या कुटुंबाला तीच सवलत मागितली, तर ते पुढच्या वेळी रडत नाही. मार्व्हलचा लोकी २०१८ च्या चित्रपटात मेला आणि २०२१ मध्ये त्याच्याच नावाची मालिका सुरू झाली. अनेक विश्वे आहेत आणि प्रत्येकात प्रत्येकाची एकेक प्रत आहे, असे एकदा सांगून टाकल्यावर मरणाऱ्यासाठी कोणी का हळहळावे?

मार्व्हलच्याच ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने २०२४ मध्ये १३० कोटी डॉलर मिळवले, त्याचे काय, असे कोणी विचारील. तो चित्रपट सुरू होतो तो २०१७ च्या चित्रपटात मेलेल्या वुल्व्हरिनचे थडगे उकरण्यापासून. नायक डेडपूल त्याची हाडे उपसून त्यांनीच मारामारी करतो. धंद्याची लबाडी पहिल्याच प्रसंगात उघड केली, म्हणून लोक मनमोकळे हसले. हा विनोद एकदाच चालतो, असे माझे मत आहे.

आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या कॉमिक्स संमेलनात मंचावर एका माणसाने मुखवटा उतरवला. आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर, म्हणजे आमचा २०१९ च्या पहाटे मेलेला आयर्न मॅन. आता तो डॉक्टर डूम नावाचा खलनायक होणार, अशी घोषणा झाली. भाचीने ती चित्रफीत मला फोनवर पाठवली. खाली तिने एवढेच लिहिले होते : “मग तेव्हा मी कशाला रडले?”