दक्षिण महासागरात हिराकस: ‘लोहाफेक्स’ मोहिमेची कहाणी

पडद्यावर दिसणारे हे निळे जहाज म्हणजे जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे ‘पोलारस्टर्न’. 7 जानेवारी 2009 रोजी ते दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन बंदरातून निघाले, तेव्हा त्यावरील शास्त्रज्ञांपैकी निम्म्याहून अधिक भारतीय होते आणि मोहिमेची भारतीय बाजू गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सांभाळत होती. कुमाऊँच्या डोंगरांत बालपण गेलेले जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर स्मेटासेक आणि गोव्याच्या संस्थेतील वाजिह नक्वी हे दोघे तिचे प्रमुख होते. जहाजावर उपकरणांच्या बरोबरीने टनावारी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चढवलेले होते. ते समुद्रात विरघळवायचे, त्याने सूक्ष्म वनस्पती किती वाढतात ते पाहायचे आणि त्यांनी शोषलेला कार्बन खरोखरच खोल पाण्यात जातो का, हे मोजायचे, असा या ‘लोहाफेक्स’ मोहिमेचा बेत होता.

दक्षिण महासागराच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक आहे, तरीही त्याच्या फार मोठ्या भागात प्लवक वनस्पती, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या या सूक्ष्म वनस्पती, विरळ असतात, कारण लोह घेऊन येणारी जमिनीवरची धूळ तिथवर फारशी पोहोचत नाही. चुनखडीच्या रानात खत भरपूर देऊनही उसावर केवडा पडतो आणि हिराकसाची फवारणी केल्यावर पाने पुन्हा हिरवी होतात, हे आपल्याकडील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. समुद्राची अडचणही याच जातीची आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी 1988 मध्ये एका व्याख्यानात, अर्धे टँकर लोखंड दिलेत तर मी हिमयुग आणून दाखवतो, असे अर्धवट थट्टेत म्हटले होते. 1993 मध्ये गालापागोस बेटांजवळ पहिली प्रत्यक्ष चाचणी झाली, पण ती पाहायला मार्टिन हयात नव्हते. त्याआधी काही महिने त्यांचे निधन झाले होते. थट्टा मात्र मागे उरली आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी करण्याचा स्वस्त उपाय म्हणून काही व्यापारी कंपन्यांनी ती गंभीरपणे घेतली.

याच कंपन्यांच्या धास्तीमुळे मे 2008 मध्ये बॉन येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी, किनाऱ्यालगतचे छोटे वैज्ञानिक प्रयोग वगळता, समुद्रात असे खत घालणे थांबवावे असा ठराव केला होता. ‘लोहाफेक्स’ किनाऱ्यापासून फार दूर होणार असल्याने पर्यावरणवादी संघटनांनी आणि जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली. त्यामुळे जहाज भर समुद्रात असतानाच जर्मनीच्या संशोधन मंत्रालयाने काम थोपवून नव्याने तज्ज्ञांचे अहवाल मागवले आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परवानगी दिली. काही टन हिराकसाने महासागराचे काही बिघडणार नव्हते, हे विरोधकांनाही बहुधा ठाऊक असावे. त्यांना भीती होती ती पायंड्याची आणि आमच्या मते ती अनाठायी नव्हती.

परवानगी मिळाल्यावर दक्षिण अटलांटिकमध्ये एक मोठा, संथ फिरणारा सागरी भोवरा निवडण्यात आला, कारण अशा भोवऱ्यात आतले पाणी बाहेरच्या पाण्यात सहसा मिसळत नाही आणि खत घातलेला पट्टा ओळखू येण्याजोगा राहतो. गोण्यांतील हिराकस टाक्यांमध्ये ओतून समुद्राच्या पाण्यात विरघळवले जाई, आणि ते द्रावण नळाने जहाजामागे, पंख्याने घुसळलेल्या पाण्यात सोडले जाई. पाण्याबरोबर वाहत जाणारा एक तरंगता बोया मध्यबिंदू मानून जहाज त्याच्याभोवती फेऱ्या घेत राही. अशा रीतीने सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह मिसळले गेले आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा मात्रा देण्यात आली.

पहिल्या दोन आठवड्यांत प्लवकांचे वस्तुमान जवळपास दुप्पट झाले आणि तिथेच अडले. वाढलेल्या पिकावर कोपेपॉड हे भाताच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान कवचधारी जीव तुटून पडले, आणि त्या कोपेपॉडांना थेमिस्टो नावाचे, कोळंबीसारखे दिसणारे मोठे जीव खाऊ लागले. थेमिस्टो हे माकूळ आणि फिन देवमाशांचे खाद्य असल्याने अन्नसाखळीच्या दृष्टीने ही मेजवानीच होती, पण कार्बन वरच्या थरांतच फिरत राहिला. खोल पाण्यात सोडलेल्या सापळ्यांमध्ये, खत न घातलेल्या पाण्याच्या तुलनेत, लक्षणीय फरक आढळला नाही.

याच जहाजाने 2004 मध्ये केलेल्या प्रयोगात मात्र प्लवकांच्या वस्तुमानापैकी निम्म्याहून अधिक भाग 1000 मीटरच्या खाली गेल्याचे दिसले होते. फरक सिलिकाचा होता. त्या वेळी डायटम नावाचे प्लवक वाढले होते, त्यांच्या सिलिकापासून बनलेल्या काचेसारख्या कवचामुळे ते सहजासहजी खाल्ले जात नाहीत आणि मेल्यावर गुंते होऊन जड गोळ्यांसारखे खाली बसतात. ‘लोहाफेक्स’च्या पाण्यातील सिलिका मात्र आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवून टाकलेली होती, त्यामुळे तिथे कवच नसलेली नाजूक जातच वाढली. म्हणजे लोह घातले की कार्बन बुडतो हे गृहीतक कुठल्या पाण्यात आणि कुठल्या ऋतूत लागू पडते, हे आधी विचारावे लागते. शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष बंदरावर उतरताच, मार्च 2009 मध्ये, लपवाछपवी न करता जाहीर केला, हे आम्हाला या मोहिमेचे मोठे यश वाटते.

व्यापाऱ्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. 2012 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, हैडा ग्वाई बेटांच्या पलीकडे, एका खासगी प्रकल्पाने सुमारे 100 टन लोहयुक्त खत समुद्रात टाकले. त्यात साल्मन माशांची संख्या वाढवण्याबरोबरच कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेतील कार्बन कमी केल्याची श्रेयपत्रे, विकण्याचा विचारही होता. पुढच्याच वर्षी लंडन प्रोटोकॉल या, समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारामध्ये अशा कामांवर नियंत्रण आणणारी दुरुस्ती मंजूर झाली, पण तिला पुरेशा देशांची संमती मिळालेली नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. दक्षिण महासागरात खाली जाणारे पाणी अनेक दशके उत्तरेकडे सरकत राहते आणि आपल्याबरोबर न वापरलेले नायट्रेट व फॉस्फेट उष्ण कटिबंधातील समुद्रांना, हिंदी महासागरालाही, पुरवते. तिकडे मोठ्या प्रमाणावर प्लवक वाढवले, तर हा साठा तिथेच खर्च होईल आणि इकडच्या प्लवकांना, पर्यायाने मासळीलाही, त्याची तूट भासेल. ही तूट पाच-सहा आठवड्यांच्या कोणत्याही मोहिमेत मोजता येत नाही.