मोटारीच्या दाराचा आवाज

मित्रहो, 'सिटी लाइट्स' १९३१च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. बोलपट तोवर रुळले होते आणि मंदीने अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले होते. अशा वेळी चार्ली चॅप्लिनने संवादांविना चित्रपट काढला, त्याचं संगीत स्वतः रचलं. त्या हट्टाबद्दल पुष्कळ बोललं गेलंय. मला बोलायचंय ते त्यातल्या प्रेमाबद्दल, कारण ते उभं आहे एका गैरसमजावर.

एक अंध मुलगी रस्त्यावर फुलं विकते. चार्लीचा भणंग गर्दीतून वाट काढताना एका उभ्या मोटारीत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. दार लागल्याचा आवाज ऐकून मुलीला वाटतं, कुणी श्रीमंत गृहस्थ उतरले. तो फूल घेतो. तेवढ्यात कुणी दुसराच माणूस मोटारीत बसून निघून जातो. सुटे पैसे न घेताच साहेब गेले, असं तिला वाटतं. भणंग तिथेच असतो, पण काही न बोलता चवड्यांवर दूर सरकतो. आवाजावरून झालेला गैरसमज मूकपटात दाखवायचा! या प्रसंगाचे चॅप्लिनने ३००हून अधिक टेक घेतले. मला ते मुळीच जास्त वाटत नाहीत, कारण पुढची सगळी कथा या एका दारावर टांगलेली आहे.

पुढे तिच्या घराचं २२ डॉलर भाडं थकतं. इथली गरिबी नुसती फाटक्या कोटातली नाही, ती आकड्यांत आहे. वयाच्या सातव्या वर्षी लंडनच्या अनाथ-गरिबांसाठीच्या वर्कहाऊसमध्ये राहिलेल्या चॅप्लिनला हे शिकवावं लागलं नसणार. भणंग रस्ते झाडतो, मुष्टियुद्धात मार खातो. एक लक्षाधीश दारू प्यायला की त्याला मित्र म्हणून कवटाळतो, शुद्धीवर आला की ओळखतही नाही. त्याच्याकडून नशेत मिळालेले १००० डॉलर तो मुलीला डोळ्यांच्या उपचारासाठी देतो. एक नोट आधी खिशात ठेवतो. ती त्याच्या हाताचं चुंबन घेते, तेव्हा ती नोटही काढून देतो. मग चोरीच्या आळाने तुरुंगात जातो.

तिला दृष्टी आली की आपलं सोंग संपणार, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. तरी तो त्यासाठीच धडपडतो. मला या चित्रपटातली आशा तिथे दिसते.

सुटून येतो तो आणखीच फाटका. मुलीचं आता दुकान आहे, आणि ती अजून त्या श्रीमंत माणसाची वाट पाहते आहे. समोरच्या भणंगाला पाहून आधी ती हसते. नाणं देताना हात हाताला लागतो, तेव्हा ओळखते. पुढे ती त्याला स्वीकारते का, हे चॅप्लिन सांगत नाही. काहींना हा शेवट सुखाचा वाटतो. मला तसं ठामपणे म्हणवत नाही. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता आहे, तशी निराशाही आहे, आणि दोन्ही खऱ्या आहेत.