डेक्रॉनची नळी कुठे टिकते, कुठे तुंबते

(दृश्य: हिरव्या कापडावर ठेवलेली पांढरी, चुणीदार नळी)

ही नळी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाची आहे. हृदयातून निघणारी महाधमनी फुगून फुटायच्या बेतात आली की तेवढा भाग काढून ही नळी बसवतात. तिचा व्यास साधारण २६ ते ३० मिलिमीटर असतो. चुण्यांमुळे ती वाकवली तरी दुमडून बंद होत नाही.

१९५०च्या दशकात अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनच्या नळ्या वापरात आणल्या. त्या काळी विणीतून रक्त झिरपू नये म्हणून आधी रुग्णाचेच रक्त नळीत गोठवून घेत. आता ती जिलेटिन किंवा कोलॅजेनचा लेप देऊनच येते. लेप काही आठवड्यांत विरघळतो, तोवर विणीत ऊतक भरू लागलेले असते.

(दृश्य: नळी कापताना, जवळून)

कात्रीने कापल्यास धागे सुटतात, म्हणून कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाच्या उपकरणाने, कापतात. कड वितळून बंद होते. शिवायला पॉलिप्रॉपिलीनचा ३-० किंवा ४-० जाडीचा दोरा घेतात. खरी परीक्षा इथेच असते. दोरा सैल राहिला तर शिवणीतून रक्त गळते, जास्त ओढला तर आजारी धमनीची पातळ भिंत चिरत जाते. म्हणून बाहेरून फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाची, पट्टी लावतात.

महाधमनी बंद धरून ठेवणारा चिमटा, क्लॅम्प, सोडण्याआधी नळीच्या सर्वांत उंच भागाला सुईने छिद्र पाडून हवा काढतात. राहिलेला बुडबुडा मेंदूत जाऊ शकतो, किंवा उजव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत. रुग्ण उताणा असतो आणि या धमनीचे तोंड वरच्या बाजूला येते, म्हणून हवा तिकडे चटकन शिरते.

मग तुंबलेल्या कोरोनरीला वळसा देणाऱ्या बायपाससाठी पायाची शीर किंवा छातीतली धमनी काढण्याचा खटाटोप कशाला? हीच नळी बारीक करून का वापरत नाहीत?

कृत्रिम पृष्ठभागाला रक्त लागताच त्यावर फायब्रिनोजेनसारखी प्रथिने बसतात, त्यांना प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, चिकटतात. आपल्या धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून त्यांना दूर ठेवते. माणसात हे अस्तर शिवणीपासून नळीत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर सरकते. २८ मिलिमीटरच्या नळीत अर्ध्या मिलिमीटरचा थर जमला तरी बिघडत नाही. ३ मिलिमीटरच्या नळीत तोच थर सगळीकडून जमला की वाट २ मिलिमीटर उरते, आणि तेवढ्याच दाबाखाली प्रवाह जवळपास एक पंचमांश होतो. शिवाय धमनी प्रत्येक ठोक्याला ताणते, नळी ताणत नाही. त्या सांध्यावर आतला थर वाढत जाऊन वाट आणखी अरुंद होते. साधारण ६ मिलिमीटरच्या खाली कृत्रिम नळीवर भरवसा ठेवता येत नाही.

(दृश्य: नवजात बाळाच्या हृदयाचे रेखाचित्र)

तरीही निळ्या पडणाऱ्या नवजात बाळाला ३.५ मिलिमीटरची पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी बसवावी लागते. हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीत रक्त नेणारा हा शंट पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत, म्हणजे काही महिनेच, चालायचा असतो. मोठी नळी घातली तर रक्त फुप्फुसांत लोटते आणि शरीराला कमी पडते. लहान नळी तुंबते. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन देतात, तरी जुलाब-उलट्यांनी बाळाच्या अंगातले पाणी घटले की शंट बंद पडू शकतो. अशा वेळी एक रात्रही थांबून पाहू नये.

जंतुसंसर्ग मात्र लहान-मोठी नळी पाहत नाही. जंतू विणीत चिकट थर करून राहतात, तिथे प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. बहुतेकदा छाती पुन्हा उघडून नळी बदलावी लागते. नव्या नळीभोवती पोटातली चरबीची झालर, ओमेंटम, गुंडाळतात, कारण तिच्यातून भरपूर रक्त वाहते आणि त्यासोबत जंतूंशी लढणाऱ्या पेशीही येतात.